डेन्झिलचं न कापलेलं कुरण

घरामागचं वरचं कुरण डेन्झिल प्रॉप्स्ट येत्या शनिवारी कापणार होता. येता शनिवार म्हणजे नेमका कुठला, हे विचारायचं त्याच्या बायकोनं, लोरीननं, कधीच सोडून दिलं होतं.

डेन्झिलनं सारा जन्म वेस्ट व्हर्जिनियाच्या घाटांतून ओंडक्यांचे ट्रक चालवले होते. निवृत्त झाल्यावर त्यानं व्हरांड्यातली झुलती खुर्ची धरली आणि ती इतक्या निष्ठेनं चालवली, की खालच्या फळीला दोन चाकोऱ्या पडल्या. ट्रॅक्टरमागचं गवत कापायचं मशीन एका उन्हाळ्यात कुरणाच्या मधोमध मोडलं. डेन्झिलनं त्याच्याभोवती एक फेरी मारली, टोपी मागे सरकवली आणि म्हणाला, "इथंच दुरुस्त करू, उगीच हलवाहलव कशाला?" आता त्या मशीनवर ब्लॅकबेरीची जाळी चढली होती. त्याच्या आसपास पिवळ्या फुलांचं पुरुषभर उंच तण, हॉथॉर्नची झुडपं आणि मधूनच डोकं वर काढणारी कोवळी मेपलची झाडं. नुसतं पाहिलं तरी अंगाला खाज सुटावी असं ते रान होतं.

कुंपणापलीकडं वाइल्डा राहायची. वाइल्डा स्पोनॉगल ही लोरीनची थोरली बहीण. बापानं मरताना डोंगरउताराचे दोन भाग केले, एक हिला, एक तिला. वाइल्डाचा भाग म्हणजे इस्त्री केलेला टेबलक्लॉथ. तिचा नवरा गेल्यापासून ती दर शनिवारी सकाळी त्याची टोपी घालून गवत कापायच्या गाडीवर बसायची आणि दुपारपर्यंत उतरायची नाही. कुंपणाच्या खांबांच्या बुडाशी उरलेलं गवत ती कात्रीनं कापते, असं गावात म्हणत. ते खोटं होतं. ती त्यासाठी स्वयंपाकघरातली सुरी वापरायची.

दर वसंतात अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये रानकांद्याचं जेवण असे. रानकांदा, बटाटे, हॅम, बीन्स आणि मक्याचा ब्रेड. खाल्ल्यावर दोन दिवस कुणी कुणाच्या जवळ उभं राहत नसे. त्या वर्षी वाइल्डा नेमकी डेन्झिलच्या समोर बसली, आणि अख्ख्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमची मांजर गेल्या वर्षी डेन्झिलच्या कुरणात शिरली. अजून परतली नाही बिचारी."

"सुखात आहे ती," डेन्झिल ताटावरून नजर न उचलता म्हणाला. "इकडं तिला कुणी आंघोळ घालत नाही."

टेबल हसलं. वाइल्डा हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तालुक्याच्या गावी, शेतीखात्याच्या ऑफिसात फोन लावला. जमीन नीट राखणाऱ्यांना सरकार मदत देतं, असं तिनं रेडिओवर ऐकलं होतं. आपली जमीन तर आरशासारखी. मदत मिळाली तर ठीकच. पण खरा डाव वेगळा होता. सरकारी माणूस येईल, त्याची नजर कुंपणापलीकडं जाईल, आणि त्या माणसाच्या तोंडून डेन्झिलची जी काही शोभा होईल, ती ऐकायला ती आतापासूनच कान साफ करून बसली.

मे महिन्यात त्या ऑफिसातून जोसलिन आली. ओहायोची पोरगी, नोकरीला नवी, खाकी टोपी, चिखलानं भरलेले बूट. वाइल्डानं तिला आधी लिंबू सरबत दिलं, मग जमीन दाखवली. जोसलिन सगळीकडं मान डोलवत "वा, किती स्वच्छ" म्हणत राहिली. पण ज्या सुरात आपण दुसऱ्याच्या बाळाला "किती गोंडस" म्हणतो, त्या सुरात. फिरत फिरत दोघी कुंपणाशी आल्या.

"आणि हे," वाइल्डा हात पसरून म्हणाली, "हे मला तुम्हाला दाखवायचंच होतं."

जोसलिननं टोपी वर सरकवून कुरणभर नजर फिरवली. मग तिनं विचारलं, "हे कुणाचं आहे?"

"माझ्या मेहुण्याचं. लाज वाटते सांगायला."

तेवढ्यात जोसलिन कुंपणावर चढलीसुद्धा होती.

डेन्झिल व्हरांड्यात झोपला होता. टोपी नाकावर, पाय कठड्यावर. डोळा उघडला तर समोर सरकारी बिल्ला, आणि लांब कुंपणाला टेकलेली वाइल्डा, चेहऱ्यावर सण असल्यासारखी.

"वरचं ते रान तुमचं का हो?"

"कापणारच होतो," डेन्झिल घाईघाईनं म्हणाला. "या शनिवारी."

"नका हो!" ती पोरगी जवळजवळ ओरडलीच. "कृपा करून कापू नका!"

डेन्झिलनं दुसरा डोळा उघडला. इतक्या वर्षांत कुठल्याही बाईनं त्याला असं सांगितलं नव्हतं. तो ताठ बसला.

"किती वर्षं असं ठेवलंत तुम्ही?" तिनं विचारलं.

*ठेवलंत.* हा शब्द डेन्झिलला फार आवडला. त्यानं तो तोंडात जरा घोळवला. "ठेवलंय खरं बरीच वर्षं," तो म्हणाला. "लोकांना वाटतं, आपोआप होतं."

"आपोआपच झालंय!" वाइल्डा कुंपणावरून ओरडली. "मशीन मोडून पडलंय त्यात!"

"त्याच्यावर वेली चढवल्यात," डेन्झिल जोसलिनला समजावून सांगत म्हणाला. "पाखरांना आडोसा."

जोसलिनचे डोळे भरून यायचेच बाकी होते. तिनं खिशातून एक छोटा स्पीकर काढला, कुरणाकडं धरला आणि एक आवाज लावला. झीऽऽ, झी-झी-झी. एखादा किडा कुरकुरावा तसा. थोडा वेळ काही नाही. मग हॉथॉर्नच्या शेंड्यावर मुठीत मावेल एवढं एक पाखरू येऊन बसलं. राखाडी अंग, काळा गळा, डोक्यावर आणि पंखांवर हळदीचा हात लागल्यासारखं पिवळं. तेही तसंच कुरकुरलं, आणि रागानं.

"सोनपंखी," जोसलिन कुजबुजली. "दक्षिण अमेरिकेतून येतो इथं घरटं करायला. आणि त्याला असलंच लागतं, काटेरी, विस्कटलेलं. सगळे लोक एक तर साफ कापतात, नाही तर जंगल होऊ देतात. मधलं कुणी ठेवतच नाही हो!"

"हा होय?" डेन्झिल म्हणाला. "याला तर मी ओळखतो." हे पाखरू त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं.

मग जोसलिननं व्हरांड्याच्या पायरीवर नकाशा पसरला. केंद्र सरकारची योजना होती. सरकार पैसे घालणार, पक्ष्यांसाठी काम करणारी एक संस्था जाणकार माणसं देणार, खालच्या लाकूड गिरणीचे लोक झाडं तोडायला यंत्रं देणार, आणि जमीनवाला जमीन देणार. प्रत्येकानं काहीतरी घालायचं, म्हणून तिला भागीदारी म्हणायचं. खाजगी शेतं आणि खाजगी जंगलं; कारण पाखरं काही फक्त सरकारी जंगलात उतरत नाहीत.

"म्हणजे," डेन्झिलनं सावकाश विचारलं, "मी हे असंच ठेवायचं, आणि सरकार मला पैसे देणार."

"साधारण तसंच."

डेन्झिलनं कुंपणाकडं पाहिलं आणि टोपी काढून वाइल्डाला लवून नमस्कार केला.

हा आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. संध्याकाळी लोरीन शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटोपून घरी आली, चष्मा लावला आणि जोसलिननं ठेवलेले कागद शब्दन् शब्द वाचले. वाचता वाचता तिच्या ओठांच्या कडा वर जाऊ लागल्या.

"डेन्झिल, हे वाचलंस?"

"तोंडी सांगितलंय तिनं सगळं."

"मग हे सांगितलं का? रान असंच सोडलं तर झाडं वाढून त्याचं जंगल होतं. म्हणून दरवर्षी हिवाळ्यात एकेक तुकडा आळीपाळीनं छाटायचा. बाहेरून आलेली ऑटम ऑलिव्हची झुडपं मुळासकट उपटायची. हातानं. ब्लॅकबेरी विरळ करायची. आणि हे काही वर्षं."

"म्हणजे काम?" डेन्झिलचा आवाज बसला.

"तू तर तिला सांगितलंस म्हणे, तू इतकी वर्षं हेच करतोयस. तिनं इथं लिहिलंय बघ: 'मालकाला अशा कामाचा दीर्घ अनुभव.'"

"सही करायचीच नाही आपण."

"आपण नाही," लोरीन गोड हसून म्हणाली. "मी. जमीन माझ्या बापाची आहे, माझ्या नावावर आहे." आणि तिनं सही केली. डेन्झिल पुढं सगळ्यांना सांगे, की लग्नाच्या वेळी ही बाई सही करायला याच्यापेक्षा जास्त वेळ थांबली होती.

एक आशा उरली होती. लोरीनचा तुकडा एकटा पुरेसा नव्हता. शेजारच्या वाइल्डाच्या जमिनीचा वरचा भाग आणि त्यामागचं तिचं जंगल, दोन्ही जोडलं तरच योजना मंजूर होणार होती. म्हणजे वाइल्डानं गवत कापणं सोडायचं आणि पाखरांसाठी रान विरळ व्हावं म्हणून बापाच्या जंगलातली निम्मी झाडं तोडू द्यायची. वाइल्डा हे मेली तरी करणार नाही, अशी डेन्झिलची खात्री होती. तरी जोखीम नको म्हणून, "मी समजावतो तिला, तुम्ही काळजी करू नका," असं जोसलिनला सांगून तो स्वतःच तिच्याकडं गेला.

वाइल्डा ओट्यावर बीन्स निवडत होती. "ये," ती म्हणाली. "सरकारी विद्वान आले."

"वाइल्डा, मी तुला खरं सांगायला आलोय." डेन्झिलनं आवाजात काळजी आणली. "हे तुला जमणार नाही. गोचीड होतील, साप येतील. लोक रस्त्यावरून जाताना गाडी हळू करतील आणि म्हणतील, अरेरे, वाइल्डाचं वय झालं."

वाइल्डानं एक बीन मोडला. "हं."

"आणि तुझ्या वडिलांची झाडं. ती कशी द्यायची कुणाच्या हाती?"

"तेच म्हणते मी," वाइल्डा म्हणाली. "माझं नाहीच म्हणून सांग त्या पोरीला."

काम फत्ते झालं होतं. डेन्झिलनं तिथूनच उठायला हवं होतं. पण तो जाता जाता वळला. इतक्या वर्षांत वाइल्डासमोर असा वरचढ बसायचा योग त्याला आला नव्हता, आणि तो एका घासात संपवणं त्याच्या जिवावर आलं.

"बरंच झालं म्हणा," तो म्हणाला. "फाटकावर ते सरकारी लोक मोठा फलक लावणार आहेत, पाखराचं चित्र आणि खाली आदर्श जमीनवाल्याचं नाव. दोन नावं बसलीही नसती त्यावर."

बीन मोडायचा आवाज थांबला.

"फलक?" वाइल्डा म्हणाली.

"हिरवा. पांढरी अक्षरं."

"रस्त्याकडं तोंड करून?"

आपण काय करून बसलो, हे डेन्झिलला त्या क्षणी कळलं. पण वाइल्डा तोवर आत जाऊन चष्मा शोधत होती.

सरकारी कागद इकडून तिकडं फिरत राहिले, आणि पुढच्या वर्षी पानं पिवळी पडू लागली तेव्हा काम सुरू झालं. वाइल्डा सूर्य उगवायच्या आत हातमोजे घालून डेन्झिलच्या दारात. "ऊठ, आदर्श!" हे तिचं सुप्रभात. डेन्झिलनं गुडघेदुखी सांगून पाहिली. तिनं मलम आणलं. हरणांच्या शिकारीचा आठवडा त्यानं पुढं केला, तेव्हा मात्र तिलाही गप्प बसावं लागलं. त्या आठवड्यात शाळासुद्धा बंद असते. पण तो आठवडा संपला आणि ऑलिव्हची झुडपं तशीच उभी होती. ती उपटता उपटता डेन्झिलच्या पाठीतून असे आवाज निघत, की वरच्या फांदीवरची खार थांबून बघे. ब्लॅकबेरी काढता काढता ते जुनं मशीनही सापडलं. त्याच्या आत उंदरांची तिसरी पिढी नांदत होती, म्हणून ते पुन्हा तसंच ठेवलं गेलं. डेन्झिलला तेवढाच दिलासा.

वाइल्डाच्या जंगलात गिरणीवाले आले, तेव्हा ती पहाटेपासून तिथं उभी होती. कुठले ओक ठेवायचे हे तिनं आणि जोसलिननं मिळून ठरवलं होतं, त्यांना निळी रिबन बांधली होती. करवत सुरू झाली तशी वाइल्डा पाठ करून उभी राहिली. डेन्झिल तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. जन्मभर ओंडके वाहिलेला माणूस. पण झाड पडताना बघायला त्यालाही कधी आवडलं नव्हतं. खिशातला पेपरोनी रोल, मसालेदार मांस भरलेला पाव, काढून त्यानं अर्धा तिला दिला. तिनं तो निमूट खाल्ला आणि म्हणाली, "यात चीज कमी आहे." मग दोघंही बरी झाली.

खरी पंचाईत पुढं झाली. तोडलेल्या फांद्यांचे ढीग रानात ठेवायचे होते. जोसलिन पाहणीला आली आणि वाइल्डाच्या बाजूला थबकली. ढीग होते खरे. पण सगळे एका मापाचे, एका रेषेत, बुंधे एकीकडं, शेंडे एकीकडं. दुकानात मांडल्यासारखे.

"मिसेस स्पोनॉगल," ती जपून म्हणाली, "हे जरा... विस्कटलेलं हवं."

"किती विस्कटलेलं?"

"म्हणजे, कसंही."

वाइल्डानं प्रामाणिकपणे प्रयत्न केला. तिनं फांद्या उचलून फेकल्या. त्या सरळच पडल्या. तिनं डोळे मिटून फेकल्या आणि डोळे उघडल्यावर तिचा हात आपोआप जाऊन त्या नीट करून आला. कुरणाची कड वाकडीतिकडी ठेवायची होती. तिनं ती सुतळी लावून वाकडी केली. शेवटी एका दुपारी ती कुंपण ओलांडून आली. असं करताना तिच्या तोंडावरचे भाव दात काढायला आलेल्या माणसासारखे होते.

"डेन्झिल," ती म्हणाली. "तू कसं केलं असतंस?"

डेन्झिलनं हा प्रश्न तिला पुन्हा विचारायला लावला. मग तो एका ओंडक्यावर बसला, हातात काठी घेतली आणि शिकवायला लागला. "तो ढीग बघ. उचलायला घेतला होता, पण तेवढ्यात जेवायची वेळ झाली. असा विचार कर. हां! आता ती फांदी. ती तुला दिसलीच नाही. अगं, बघतेस काय तिच्याकडं? दिसलीच नाही म्हटलं ना!"

"देवा, हे मला ऐकावं लागतंय," वाइल्डा दात खात म्हणाली; पण तिनं ती फांदी तशीच सोडली. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं तेवढंच. लोरीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे पाहत होती, आणि हातातलं भांडं पुसायचं विसरून इतकी हसली, की तिला खुर्चीत बसावं लागलं.

वाइल्डाच्या बाजूलाही तण माजलं, तेव्हा त्यापुढच्या वसंतात जोसलिननं आसपासच्या जमीनवाल्यांना पाहायला बोलावलं. बरेच ट्रक कुरणाच्या कडेला लागले. फाटकावर हिरवा फलक, त्यावर दोन नावं: लोरीन प्रॉप्स्ट, वाइल्डा स्पोनॉगल. डेन्झिलचं नाव नव्हतंच, कारण जमीनच त्याची नव्हती. त्यानं ते मनाला लावून घ्यायचं ठरवलं होतं. पण जोसलिननं त्यालाच बोलायला उभं केलं, तेव्हा तो विसरला. धुतलेला शर्ट घालून तो मिरवत म्हणाला, की रान राखायला संयम लागतो, घाई केली की बिघडतं, आपण पहिल्यापासून घाई केली नाही.

"पण पहिली पायरी काय होती हो?" मागून एका शेतकऱ्यानं विचारलं.

डेन्झिलनं टोपी मागे सरकवली. त्याच्या आधी लोरीनच बोलली.

"मशीन मोडलं, आणि यानं दुरुस्त केलं नाही."

सगळे खो खो हसले. किती विनोदी बाई, असं म्हणाले. जोसलिनसुद्धा हसली, आणि मग एकदम गंभीर झाली. तिनं डेन्झिलकडं, मग जाळीत दिसणाऱ्या त्या गंजक्या लोखंडाकडं, मग पुन्हा डेन्झिलकडं पाहिलं. डेन्झिल ढगांकडं बघत होता.

"मिस्टर प्रॉप्स्ट?" ती म्हणाली.

"वारा सुटेल बहुतेक," तो म्हणाला.

तेवढ्यात कुरकुर ऐकू आली. झीऽऽ, झी-झी-झी. सगळी डोकी वळली. पाखरू डेन्झिलच्या हॉथॉर्नवर नव्हतं. ते वाइल्डाच्या बाजूला, नव्यानं उठलेल्या झुडपाच्या टोकावर बसून गात होतं, आणि खाली तणाच्या बुडाशी, त्या 'न दिसलेल्या' फांदीला टेकून, जमिनीवर त्याच्या मादीनं घरटं केलं होतं. जोसलिननं सगळ्यांना लांबूनच दुर्बिणीतून दाखवलं. वाइल्डानं मात्र दुर्बीण घेतली ती परत दिलीच नाही.

"माझ्याकडं," ती डेन्झिलला म्हणाली. दुर्बीण तिनं डोळ्यांवरून काढली नव्हती. "बघितलंस? माझ्याकडं."

"जेवायला माझ्याकडं येतो," डेन्झिल म्हणाला. "तुझ्याकडं नुसता भांडायला."

पण त्यानं ते हळू म्हटलं.

त्या उन्हाळ्यात वाइल्डानं घरट्याजवळचा पट्टा कापला नाही. मग म्हणाली, आवाजानं घाबरतील, म्हणून घरासमोरचाही नाही. चर्चमधल्या बायका एकमेकींना म्हणू लागल्या, वाइल्डाला बरं नाहीसं दिसतं. कुणी तिला सूप आणून दिलं. वाइल्डानं सूप घेतलं आणि त्या बाईला मधल्या वयाच्या रानाचं महत्त्व इतका वेळ समजावलं, की बाई भांडं परत न घेताच गेली.

अडचण एवढीच झाली, की तिचे शनिवार मोकळे पडले. गाडीवर बसायचं नाही, तर ती डेन्झिलच्या व्हरांड्यात येऊन बसायची. पहिल्या शनिवारी ती शांत बसली. दुसऱ्या शनिवारी तिची नजर फळ्यांवर गेली.

"ही पायरी कुजलीय," ती म्हणाली. "आणि हा कठडा हलतोय. डेन्झिल, हातोडी कुठंय?"

"हातोडी चालणार नाही," डेन्झिल खुर्चीतून न हलता म्हणाला. "दाराच्या वर घरटं आहे. पिल्लं उडेपर्यंत ठोकाठोक बंद. जोसलिनला विचार हवं तर."

लोरीन दारात आली. "कसलं घरटं?"

"आहे एक. बारीकसं. नाजूक."

वाइल्डानं त्याच्याकडं बघितलं, मग लोरीनकडं, मग दाराच्या वरच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडं. मग तिनं स्वयंपाकघरातून एक खुर्ची ओढत आणली, दारात ठेवली आणि हातमोजे चढवून तिच्यावर चढू लागली. डेन्झिलनं झुलणं थांबवलं, टोपी डोळ्यांवर ओढली, आणि तिथं खरंच काहीतरी असू दे, अशी मनापासून प्रार्थना केली.